हिरवी वही

सिंदेवाहीच्या बाजारओळीत, खत-बियाण्याच्या दुकानामागं
माझं टेबल आहे, अडीच फूट बाय चार.
त्यावर आज वाचनालयाचा कॉम्प्युटर उताणा.
पोटात धूळ, चिमणीचं पीस, एक मेलेली गांधीलमाशी.
चकतीचा कप्पा उघडत नाही. टाचणी घालून उघडला तर वाचत नाही.
म्हणजे पेन ड्राइव्हवरूनच नवी सिस्टीम चढवायची,
म्हणजे पाच जीबीची ती एक बंद फाईल
आधी सोडवायची, सांडलवंड न करता.

इंदुमती गुरनुले स्टुलावर बसलेल्या.
"सोमवारी तपासणी आहे, दादा. सतराशे पुस्तकांची यादी त्याच्यात आहे."
यादी काढून ठेवलीय, म्हणालो. दोन ठिकाणी.
तरी त्या मांडीवरची पिशवी सोडत नाहीत.

पहिलं हत्यार माझं जुनं,
नागपूरला कोर्स करताना कुणीतरी सीडीवर दिलेलं.
त्याच्यावर हात बसलाय. डोळे मिटून चालवतो.
फाईल त्यात टाकली. उजवं बटण. इथेच उघडा.
डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं.
इतक्या लवकर झालेल्या कामाचा मला भरवसा नसतो.

फोल्डरमध्ये एकच फाईल. एका केबीची.
आत इंग्रजीत दोन-तीन ओळी, मतलब असा की
इथला मजकूर दुसऱ्या पद्धतीनं मांडलेला आहे,
ती पद्धत ज्याला येते त्यानं उघडावं.

"रिकामी निघाली का जी?"

फाईलच अर्धवट उतरली असेल.
रात्रभर फोनच्या नेटवर, खिडकीत फोन टांगून उतरवलेली.
म्हणून खूण जुळवायला बसलो, चौसष्ट अक्षरांची.
मी कागदावरून म्हणायचं, त्यांनी पडद्यावरून.
आठ. आठ. सी. सी. शून्य. शून्य. डी. डी.
दाखल नंबर वाचायची सवय त्यांना, कुठंच अडखळल्या नाहीत.
खताची गोणी घ्यायला आलेला माणूस
गोणी खांद्यावर तशीच घेऊन ऐकत उभा.
चौसष्टच्या चौसष्ट जुळली.

म्हणजे फाईल भरलेली आहे, बाई.
एकाच चकतीवर दोन अनुक्रमणिका असतात,
एक जुन्या वळणाची, एक नव्या.
माझ्या हत्याराला जुनीच वाचता येते,
आणि जुनीत तेवढी चिठ्ठी ठेवलीय.

"आमच्या रजिस्टरसारखंच झालं," त्या म्हणाल्या,
"शेवटच्या पानावर लिहून आहे, पुढील नोंदी हिरव्या वहीत पाहाव्या.
अन् हिरवी वही कुठं गेली, कोणालेच माहीत नाही."

दुसरं हत्यार फुकट मिळालं. उघडलंही सगळं.
पण जावई एक आणि मागं तीन ट्रॅव्हल्स भरून वऱ्हाड:
हवामान सांगणारं, पत्ते खेळणारं, काही न विचारता घरात येऊन बसणारं.
त्याला हाकलण्यात पाऊण तास गेला.
तिसरं, मुदत संपून अकरा वर्षं झाली तरी
दर वेळी अदबीनं पैसे मागतं. मी दर वेळी नंतर म्हणतो.
आज लाज वाटली, बाई शेजारी होत्या. बंद केलं.

चौथं राखाडी. ना रंग ना रूप.
दोन्ही अनुक्रमणिका वाचतं आणि तोंडातून शब्द काढत नाही.
आठशे अडतीस फायली, ओळीनं.
एकच फाईल चार जीबीच्या वर, पेन ड्राइव्हच्या जुन्या घडणीत मावेना,
तिचे दोन तुकडे केले. जोड कुठं येतो ते तिला ठाऊक असतं.
मग चालू व्हायची कळ पेन ड्राइव्हच्या पहिल्या कप्प्यात बसवली,
नुसत्या फायली उतरवून मशीन जागं होत नाही.

साडेसहाला निळा पडदा आला.
बाईंनी पहिल्यांदा पिशवी खाली ठेवली.

जुनं हत्यार काढून टाकायला घेतलं होतं.
खात्री आहे का, त्यानं विचारलं.
मी नाही दाबलं.

बुधवारी त्या पैसे द्यायला आल्या.
झाली तपासणी?
"आलेच नाहीत कोणी. पण हिरवी वही सापडली."
कुठं?
"कपाटाच्या पायाखाली. डुगडुगू नये म्हणून लावून होती.
काढली, तर आता कपाट डुगडुगते."